टीपीओचा आकडा आणि गळ्यातली गाठ : सोलापुरातलं एक प्रकरण

हाशिमोटोचा आजार, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा जुनाट दाह, असलेल्या बाईच्या गळ्यात गाठ सापडली, की घरात पहिला प्रश्न येतो तो असा : थायरॉइडचंच पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर झालं का? या प्रकरणात हा प्रश्न प्रत्येक वळणावर आडवा आला आणि दर वेळी त्याचं उत्तर थोडं वेगळं द्यावं लागलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

बाई 41 वर्षांच्या. अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतात आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाईचं काम करतात. बाहेरच्यांना सोलापूर म्हटलं की चादर आठवते, पण गणवेशाचा धंदाही इथे मोठा आहे. मार्चपासून शाळा उघडेपर्यंत या बायकांना मशीनवरून मान वर करायला फुरसत नसते. पुढे तारीख ठरवताना याचा विचार करावा लागला.

दुसऱ्या बाळंतपणानंतर, म्हणजे साधारण आठ वर्षांपूर्वी, त्यांना थकवा आला, वजन वाढलं, केस गळायला लागले. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, वाढलेला निघाला आणि थायरॉइडवर उलटणाऱ्या अँटी-टीपीओ अँटिबॉडी 1000 च्या वर. निदान हाशिमोटो थायरॉइडायटिस. ग्रंथीचं कमी पडणारं संप्रेरक भरून काढणारी थायरॉक्सिनची 75 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. नंतर गोळी चालू, वर्षा-दोन वर्षांनी टीएसएच, बस. मधल्या काळात त्यांनी दोन-तीन दवाखाने बदलले. माझ्याकडे आल्या तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत सगळे रिपोर्ट नीट जपून आणले होते. त्यात अँटी-टीपीओ चार वेळा केलेला होता. मान तपासल्याची नोंद मात्र एकाही कागदावर नव्हती.

हाशिमोटोत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते. ग्रंथीत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी शिरतात आणि वर्षानुवर्षं तिथे दाह चालू राहतो. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने 1912 मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींचं वर्णन करून हा आजार प्रथम मांडला. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो कितीतरी पटींनी जास्त दिसतो. अँटिबॉडीचा आकडा निदानासाठी कामाचा आहे, पण एकदा निदान झालं की तो पुन्हा पुन्हा मोजून उपचारात काही बदलत नाही. 1000 चा 600 झाला म्हणून आजार बरा होत नाही आणि 1500 झाला म्हणून कॅन्सर होत नाही.

अडचण

फेब्रुवारीच्या शेवटी त्या आल्या त्या थकव्यासाठी. टीएसएच 9.2, म्हणजे वाढलेला होता. गोळी रोज घेता का, विचारलं तर म्हणाल्या, ‘‘एक दिवस चुकत नाही डॉक्टर.’’ ते खरंच होतं. पण कशी घेता, हे विचारल्यावर चित्र उघडलं. पहाटे उठल्यावर गॅसवर चहा चढतो, त्या चहाच्या घोटाबरोबर थायरॉइडची गोळी, आणि त्याच घोटाबरोबर कंबरेसाठी कुणीतरी दिलेली कॅल्शियमची गोळी. थायरॉक्सिन पोटात शोषलं जायला रिकामं पोट आणि साधं पाणी लागतं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी. डोस न वाढवता फक्त वेळ बदलली : उठल्याबरोबर पाण्यासोबत थायरॉक्सिन, चहा पाऊण-एक तासाने, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर.

मग मान तपासली. हाशिमोटोत ग्रंथी रबरासारखी घट्ट आणि किंचित खडबडीत लागते, तशी ती होतीच. पण उजव्या बाजूला एक जागा बाकीच्या ग्रंथीपेक्षा कडक लागली. पाण्याचा घोट गिळायला सांगितल्यावर ती ग्रंथीबरोबर वर सरकली. बाई म्हणाल्या, ‘‘हे तर कधीचंच आहे की ओ. मला वाटलं थायरॉइड म्हणजे असंच असतंय.’’

सोनोग्राफीत उजव्या भागात 13 मिलिमीटरची गाठ दिसली. हाशिमोटोच्या ग्रंथीची सोनोग्राफी वाचणं हे पिंजलेल्या जुन्या चादरीवर एक डाग शोधण्याइतकं अवघड असतं. सगळी ग्रंथीच ठिगळा-ठिगळांची दिसते आणि दाहाचे पुंजके गाठीसारखे भासतात. त्यामुळे ‘अनेक गाठी’ असा रिपोर्ट येऊन माणसं विनाकारण घाबरतात, आणि कधी खरी गाठ त्या गर्दीत निसटते. इथे रेडिओलॉजिस्टने फोन करून सांगितलं, ‘‘बाकीचं सगळं हाशिमोटोचं आहे, पण ही एक वेगळी आहे.’’ टायरॅड्स या पद्धतीत सोनोग्राफीतल्या संशयास्पद खुणांना गुण देतात. गाठ भरीव होती, त्याचे 2 गुण. आजूबाजूपेक्षा काळपट, 2 गुण. आडवीपेक्षा उभी जास्त, 3 गुण. कडा वेड्यावाकड्या, 2 गुण. एकूण 9. 7 किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे सर्वांत संशयास्पद, पाचवा वर्ग, आणि त्या वर्गातली गाठ 1 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर सुईने तपासायची.

मानेत काही लसिकाग्रंथीही दिसल्या. हाशिमोटोत थायरॉइडच्या खालच्या बाजूला अशा ग्रंथी फुगलेल्या असणं नेहमीचं आहे. उजवीकडच्या एका ग्रंथीचा आकार मात्र जरा गोल वाटला, म्हणून तिचीही सुईने तपासणी करायचं ठरलं.

पहिलं वळण : अर्धवट रिपोर्ट

लसिकाग्रंथीत फक्त दाहाच्या पेशी निघाल्या. गाठीचा रिपोर्ट आला ‘बेथेस्डा 3’. बेथेस्डा ही सुईच्या तपासणीचे सहा वर्ग करणारी पद्धत. दुसरा वर्ग म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. तिसरा वर्ग म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या आहेत, पण नक्की सांगता येत नाही. 2023 च्या आवृत्तीप्रमाणे या वर्गातल्या सरासरी 22 टक्के गाठी कॅन्सरच्या निघतात.

हाशिमोटोचा खरा त्रास मला इथे जाणवतो. सततच्या दाहाने ग्रंथीच्या पेशी स्वतःच बदलतात. त्या फुगतात, त्यांची केंद्रकं मोठी होतात, कधी केंद्रकांवर घड्याही दिसतात. पॅपिलरी कॅन्सर, म्हणजे थायरॉइडचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर, त्याच्या पेशी ओळखायच्या खुणाही याच घराण्यातल्या. त्यामुळे साध्या दाहाला कॅन्सर म्हटलं जाऊ शकतं आणि कॅन्सरला दाह. सुई टोचणारा हात चांगला हवाच, पण स्लाइड वाचणाऱ्याला ‘या बाईला हाशिमोटो आहे, टीएसएच एवढा आहे, सोनोग्राफीत गाठ अशी दिसते’ हे कळलंच पाहिजे. पहिल्या फॉर्मवर फक्त ‘थायरॉइड नोड्यूल’ एवढंच लिहिलेलं होतं.

पर्याय तीन होते. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू, असं म्हणून थांबणं. सोनोग्राफीतले गुण एवढे वाईट असताना ते मला पटत नव्हतं. थेट शस्त्रक्रिया करणं. ती टाळण्यासारखी निघाली असती तर गळ्यावर वण आणि खर्च, दोन्ही फुकट. तिसरा पर्याय म्हणजे पुन्हा सुई, आणि स्लाइड थायरॉइडचं काम जास्त पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवणं. जनुकीय तपासणीचाही विषय निघाला होता, पण तिचा खर्च या घराला झेपणारा नव्हता आणि आमचा निर्णय तेवढ्यावर अडलेलाही नव्हता.

तिसरा पर्याय घेतला. सोनोग्राफीत बघत बघत गाठीच्या कडेतून नमुना घेतला, फॉर्मवर सगळी माहिती लिहिली, आणि नव्या-जुन्या दोन्ही स्लाइड घेऊन यजमान सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले. उत्तर आलं : बेथेस्डा 5, पॅपिलरी कॅन्सरचा दाट संशय. या वर्गात चारातल्या साधारण तीन गाठी कॅन्सरच्या निघतात.

‘थायरॉइडमुळेच झालं ना?’

रिपोर्ट सांगायच्या दिवशी बाई, यजमान आणि धाकटी बहीण असे तिघं आले होते. बहिणीलाही हाशिमोटो आहे, ती विजापूरला दिलेली. रडायला आधी तीच लागली. बाईंनी विचारलं, ‘‘आठ वर्षं हेच आत शिजत होतं का ओ?’’

मी जे सांगितलं ते इथे थोडं विस्ताराने लिहिते.

हाशिमोटो आणि पॅपिलरी कॅन्सर एकत्र सापडतात ही गोष्ट 1955 पासून वैद्यकीय लेखनात आहे. शस्त्रक्रियेने काढलेल्या ग्रंथी तपासणाऱ्या अभ्यासांत हा संबंध ठळक दिसतो. पण शस्त्रक्रिया कुणाची होते? ज्यांच्या गाठीबद्दल आधीच संशय आहे त्यांची. हाशिमोटोच्या हजारो बायका गोळी घेऊन सुखाने जगतात, त्यांच्या ग्रंथी कुणी काढून तपासत नाही. म्हणजे मोजणीच एका बाजूला झुकलेली. सुईच्या तपासणीवर आधारलेल्या अभ्यासांत हाच संबंध बराच फिका पडतो, काहींत दिसतही नाही. शिवाय कॅन्सरच्या गाठीभोवती शरीर स्वतःहून लिम्फोसाइट गोळा करतं. मग आधी दाह की आधी गाठ, हे काढलेल्या ग्रंथीकडे बघून नेहमी ठरवता येत नाही.

तरी संबंध पूर्ण उडवून लावण्यासारखाही नाही. वर्षानुवर्षांचा दाह पेशींना इजा करत राहतो, हे एक संभाव्य कारण. दुसरं, टीएसएच हे ग्रंथीला वाढायला सांगणारं संप्रेरक आहे, आणि ज्यांना गाठ आहे त्यांच्यात टीएसएच जितका जास्त तितकी ती कॅन्सरची निघण्याची शक्यता जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून चहाबरोबरच्या गोळीची गोष्ट मला किरकोळ वाटत नाही. त्या चहानेच कॅन्सर झाला असं मात्र कुणीही म्हणू नये, आणि तेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं, कारण त्या स्वतःला दोष द्यायच्या तयारीतच बसल्या होत्या.

आणि एक दिलासा, जो खरा आहे म्हणूनच दिला : हाशिमोटोबरोबर आलेला पॅपिलरी कॅन्सर सहसा कमी आक्रमक असतो. ग्रंथीच्या बाहेर पसरण्याचं आणि पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण या रुग्णांत कमी आढळलं आहे. जी प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटली, तीच कदाचित गाठीलाही आवर घालते.

ज्या कॅन्सरचा हाशिमोटोशी संबंध निर्विवाद आहे तो वेगळाच आहे : थायरॉइडचा लिम्फोमा, म्हणजे ग्रंथीत शिरलेल्या लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर. तो फार दुर्मीळ. पण होतो तेव्हा जवळजवळ नेहमी जुन्या हाशिमोटोच्या ग्रंथीतच होतो, आणि बहुधा साठीच्या आसपासच्या बायकांना. बरीच वर्षं हाशिमोटो असलेल्या आजींचा गळा काही आठवड्यांत भराभर सुजला, आवाज बसला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सोनोग्राफीची तारीख पुढच्या महिन्यावर ढकलायची नाही. या बाईंमध्ये तसं काहीच नव्हतं.

दुसरं वळण : अर्धी की पूर्ण

‘‘मुळासकट काढून टाका की ओ, परत कटकट नको.’’ यजमानांचं पहिलं वाक्य हेच. पुण्याला ज्या सर्जनचं मत घेतलं त्यांनीही पूर्ण ग्रंथी काढायला सुचवलं होतं. सोलापूरच्या सर्जनचा कल अर्धी काढण्याकडे होता. दोघांकडेही कारणं होती.

1 ते 4 सेंटिमीटरची, ग्रंथीच्या आतच असलेली आणि लसिकाग्रंथींत न पसरलेली गाठ असेल तर अर्धी ग्रंथी काढणं पुरेसं ठरू शकतं, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. अर्धीचा एरवीचा मोठा फायदा म्हणजे उरलेली ग्रंथी काम करते आणि गोळी टळू शकते. हाशिमोटोत हा फायदाच शिल्लक राहत नाही, गोळी आधीपासूनच चालू आहे. पुण्याच्या सर्जनचा मुद्दा हाच होता : मग अर्धी ठेवून काय साधलं? शिवाय उरलेला ठिगळा-ठिगळांचा भाग दरवर्षी सोनोग्राफीत संशय उभा करत राहणार.

दुसऱ्या बाजूला, पूर्ण ग्रंथी काढताना दोन्हीकडच्या आवाजाच्या नसा आणि चारही पॅराथायरॉइड ग्रंथी धोक्याच्या जागी येतात. पॅराथायरॉइडला इजा झाली तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, हातापायाला मुंग्या येतात, बोटं वळतात, आणि क्वचित आयुष्यभर कॅल्शियमच्या गोळ्या लागतात. हाशिमोटोची ग्रंथी आजूबाजूला चिकटलेली असते, त्यामुळे हे काम जास्त नाजूक होतं. बोटांच्या कौशल्यावर पोट असलेल्या बाईला हा धोका मी बारीक समजत नव्हते.

पूर्ण ग्रंथी काढण्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो : नंतर रक्तातल्या थायरोग्लोब्युलिनवर, म्हणजे थायरॉइडच्या पेशी बनवतात त्या प्रथिनावर, लक्ष ठेवून कॅन्सर परतला का ते कळतं. पण हाशिमोटोच्या अनेक रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी असतात आणि त्या हीच तपासणी बिघडवतात, आकडा खोटा कमी दाखवतात. आम्ही आधीच तपासलं, त्या होत्या. म्हणजे तोही फायदा अर्धामुर्धाच.

शस्त्रक्रिया न करता नजर ठेवण्याचाही पर्याय त्यांच्यासमोर ठेवला. जपानमधल्या कोबेच्या कुमा हॉस्पिटलने 1993 पासून लहान पॅपिलरी कॅन्सर न काढता केवळ पाहत राहायला सुरुवात केली आणि बहुतेकांच्या गाठी वाढल्याच नाहीत. पण ती पद्धत मुळात 1 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी. इथे गाठ 13 मिलिमीटरची, आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं, ‘‘रात्री झोप लागायची नाही मला.’’ या वाक्याला मी निकषाइतकंच वजन दिलं.

शेवटी अर्धी ग्रंथी काढायचं ठरलं. त्याआधी एक गोष्ट दोघांनाही दोनदा सांगितली : पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये आक्रमक प्रकार निघाला तर उरलेली अर्धीही काढावी लागेल, आणि तसं झालं तर पहिली शस्त्रक्रिया चुकली असा त्याचा अर्थ नाही.

तिसरं वळण : कधी

हा सगळा मामला एप्रिलवर येऊन ठेपला होता. गणवेशाचा हंगाम ऐन भरात. नगावर पैसे, आणि या तीन-चार महिन्यांत वर्षाची बरीचशी कमाई. नातेवाइकांचा आग्रह ‘उद्याच करा’. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर ते साहजिक आहे. पण लहान पॅपिलरी कॅन्सरमध्ये काही आठवड्यांनी परिणाम बदलत नाही आणि टीएसएच खाली आणायलाही वेळ हवा होता. जूनच्या उत्तरार्धातली तारीख घेतली. नुसत्या वेळ बदलण्याने, त्याच 75 च्या गोळीवर, टीएसएच दोन महिन्यांत 2.6 वर आला. या मुदतीत महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरीही आरोग्यमित्राकडून करून घेता आली. घाई केली असती तर तो खर्च अंगावर पडला असता.

निष्पत्ती

शस्त्रक्रिया सोलापुरातच झाली. आधी स्वरयंत्र तपासलं, नंतरही तपासलं, दोन्ही वेळा ठीक. रिपोर्ट : नेहमीच्या प्रकारचा पॅपिलरी कॅन्सर, 12 मिलिमीटर, ग्रंथीच्या बाहेर पसरलेला नाही, सोबत काढलेल्या लसिकाग्रंथी स्वच्छ, बाकी भागात हाशिमोटो. रेडिओआयोडीनची, म्हणजे उरलेल्या थायरॉइड पेशी मारणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनची, गरज नव्हती. गोळी 100 मायक्रोग्रॅमवर नेली, टीएसएच 0.5 ते 2 च्या मध्ये ठेवायचं ठरलं. दोन वर्षांनंतर सोनोग्राफीत नवीन काही नाही. थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी अजून आहेत. ग्रंथीचा अर्धा भाग शिल्लक असल्यामुळे त्या राहणारच, पण वाढत नाहीत यावर लक्ष आहे.

बहिणीचा प्रश्न मात्र तेव्हाच सोडवावा लागला. तिला तिची ग्रंथी काढून हवी होती, आणि घरातल्या सगळ्या बायकांची सोनोग्राफीही. तिची मान तपासली, गाठ लागली नाही. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने 2013 मध्येच सांगितलं आहे की टीएसएच बिघडला, पण मानेत काही हाताला लागत नाही, तर सरसकट सोनोग्राफी करू नये. दक्षिण कोरियात धडधाकट माणसांच्या सोनोग्राफ्या सुरू झाल्यावर 1993 ते 2011 या काळात थायरॉइड कॅन्सरची निदानं 15 पटींनी वाढली आणि मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. हजारो लोकांच्या ग्रंथी निघाल्या. हे मी तिला सांगितलं. पण सख्ख्या बहिणीला कॅन्सर झाला आहे आणि ती महिनोन्‌महिने जेवताखाता गळा चाचपते आहे, हेही खरं होतं. तिची एकटीची एक सोनोग्राफी केली, बाकी कुणाची नाही. ती स्वच्छ निघाली. काटेकोर नियमाने पाहिलं तर ती टाळता आली असती. तरी पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा तेच करीन, फक्त सोनोग्राफी करण्याआधी तीन मिलिमीटरची निरुपद्रवी गाठ दिसली तर आपण काय करणार नाही, हे ठरवून घेईन, जसं तेव्हा घेतलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

आठ वर्षांत कुणीतरी वर्षातून एकदा मान चाचपायला हवी होती. याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. चार वेळा केलेल्या टीपीओच्या पैशांत एक चांगली सोनोग्राफी झाली असती, पण तीही हाताला काही लागल्यावर. रुग्णाने स्वतःही, गाठ ‘कधीचीच’ असली तरी, ती डॉक्टरांना दाखवावी.

सुईच्या तपासणीचा फॉर्म पहिल्याच वेळी पूर्ण भरला गेला असता तर दुसरी सुई टळली असती, असं खात्रीने म्हणता येत नाही. पण बेथेस्डा 3 वाचून घरच्यांनी जे काही आठवडे अधांतरी काढले, ते कमी झाले असते. हाशिमोटोच्या प्रत्येक नमुन्याबरोबर आता मी चार ओळींची चिठ्ठी पाठवते : अँटिबॉडी आहेत का, टीएसएच किती, गाठ कशी दिसते, नमुना नेमका कुठून घेतला.

अर्धी की पूर्ण, यावर दोन सर्जनांची मतं वेगळी होती आणि ती बाईंना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तोंडून कळली. त्याने गोंधळ वाढला. दोघांना फोनवर एकत्र आणायला मी नंतर वेळ काढला, तो पहिल्या आठवड्यातच काढण्यासारखा होता. आणि थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडीची तपासणी शस्त्रक्रियेच्या चर्चेआधीच हवी, कारण पूर्ण ग्रंथी काढण्याच्या एका मुख्य कारणाचं वजन तिच्यावर ठरतं.